गाळलेलं वाक्य

४ जानेवारी
नवी नोकरी, नवं गाव आणि खिडकीतून भरपूर ऊन येणारं घर! ताई खूश आहे. दृष्टी गेल्यापासून ती सिनेमा नुसता ऐकते. संवादांच्या मधल्या जागेत पडद्यावरचं वर्णन ऐकू येतं ना, ते लिहायला मी आता नवशिक्यांना शिकवणार. पहिली श्रोती अर्थात ताईच.

७ जानेवारी
नवशिके दोनच. एक मुलगा, त्याला मी मनात कवी म्हणते. दुसऱ्या निवृत्त नर्सबाई. कवी लिहितो, नायिकेच्या डोळ्यांत विरहाचं आभाळ दाटलं. अरे बाबा, ती खिडकी पुसतेय, तेवढं सांग! शेरे लिहून बोटं दुखली, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

११ जानेवारी
आज दोघांच्याही वहीत एकच वाक्य : कोपऱ्यातल्या खुर्चीत एक माणूस बसला आहे. पडद्यावर तर ती खुर्ची रिकामी आहे! पुन्हा पुन्हा पाहिलं. एकमेकांचं बघून लिहिता का, म्हणून झापलं, तर नर्सबाई मलाच चष्मा तपासून घ्या म्हणाल्या. वाक्य गाळलं.

१३ जानेवारी
पुढच्या प्रसंगात तोच माणूस दारात. गाळला. मग जिन्यात. गाळला. या दोघांपुढे हसावं की रडावं!
घरी आले तर ताईने विचारलं, ऑफिसातून कुणाला पाठवलंस, फार छान वर्णन करतो. मी कुणालाच पाठवलं नव्हतं.

१४ जानेवारी
नव्या लिखाणात तो कुठेच नाही. कवी म्हणाला, तुम्ही जिथून गाळला तिथून तो निघून गेला. घाबरून सगळी वाक्यं परत घातली. नर्सबाईंनी पडद्याकडे बघून मान हलवली. आता नाही तो तिथे, म्हणाल्या.

१५ जानेवारी, दुपार
ताई रिकाम्या कोचाकडे तोंड करून हसतेय. खिडकीचा पडदा हलतोय, ऊन फरशीवर आलंय, सगळं तो सांगतो म्हणे. मला काही ऐकू येत नाही. त्याचं ऐकू नकोस म्हटलं तर रुसली. एवढं घर मला कुणी दाखवलं नव्हतं, तूसुद्धा नाही, म्हणाली. फार लागलं.

१६ जानेवारी
ताई हाका मारतेय. मी समोरच — ओ देतेय — तिला ऐकूच जात नाही.
हात धरला. जाणवला नाही तिला —
धाकटी आली का, असं तिने कोचाला विचारलं. थांबली. मग मान डोलावली. असं होय, म्हणाली, खोलीत कुणीच नाही —
आहे. ताई, मी आहे. टेबलापाशी एक बाई बसली आहे. ती रडते आहे. तिच्या हातात