लिंबाची शाई

१२ जून २०१९, लातूर

मल्लिकार्जुन सरांनी आज माझी शाई चोरली. भर हॉलमध्ये, हार घालून घेऊन! "हे माझं संशोधन," म्हणाले आमच्या क्लासचे संचालक. मी तिसऱ्या रांगेत बसून ऐकलं.

लिंबाचा रस ओव्हनमध्ये तापवून तापवून त्यातले कार्बनचे नॅनोकण मी काढले. बोटं माझी भाजली! कागदावर शाई दिसत नाही, नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली निळी चमकते. क्लासच्या छापील नोट्सवर तिचा शिक्का असतो, म्हणून नोट्सचे नकली गठ्ठे सापडतात. अन् पेटंटच्या अर्जावर नाव त्यांचं एकट्याचं!

"दहा वर्षं जाणार नाही," असंही ठोकून दिलं. टिकते का ते तपासू द्या म्हणून मीच मागं लागले होते. तर म्हणे, "गौसिया मॅडम, तुम्ही केमिस्ट्री शिकवा. बाकीचं आम्ही बघून राहिलो ना!"

१३ जून

अम्मी फोनवर — "जाने दे गे, बडे लोगां से कायको उलझना."

न्हाई! नाक घासायला लावीन.

१५ जून

आठवलं!! गेल्या ऑक्टोबरात कच्च्या वहीच्या पानापानावर मी त्याच शाईनं सही केलीय, तारखेसकट. वही नांदेडला, घरच्या पेटीत. सरांना पत्ताच न्हाई.

क्लासच्या ट्रस्टींकडे तक्रार टाकली. २४ला ऐकणार. खिडक्या लावायच्या, दिवा धरायचा, अन् सरांचं तोंड बघायचं. लई मजा येणार.

२२ जून, नांदेड

पेटी उघडली. दिवा धरला. कोरं. दुसरं पान — कोरं. सगळी वही कोरी!

बाथरूमचा नळ सोडून रडले.

२३ जून, लातूर

क्लासमधले जुने गठ्ठे काढून दिव्याखाली धरले. नोव्हेंबरच्या नोट्सवर काहीच न्हाई. एप्रिलचा शिक्का मिणमिणता. म्हणजे सहा-सात महिन्यांत शाई मरते.

अन् सरांनी परवाच एका प्रकाशकाला दहा वर्षांची हमी दिली. बाँडवर, स्वतःच्या सहीनं.

गठ्ठे परत बांधून ठेवले. मग हसू आलं.

२४ जून

ट्रस्टी म्हणाले, पुरावा? मी म्हटलं, "तक्रार मागं घेते. शाई सरांचीच. एकट्या सरांची." लिहूनही दिलं.

सरांनी सगळ्यांसमोर पेढा भरवला. मी आणखी एक मागून घेतला.