नर्सबाईची डबी

३ ऑक्टोबर २००३
देवाच्या कृपेने बेटावर सुखरूप पोचले. बोटीने आलं ते असं: बटाटे एक पोतं, एकशे दहा क्रोनर, कॉफी दोन पुडे, अठ्ठेचाळीस, लोकर, साठ, आणि शहरातल्या इस्पितळातून भावाच्या कॅन्सरच्या गुलाबी गोळ्यांची दुसरी खेप, फुकट. एइलिफ म्हणाला, "गुडवेग, फुकटचं पचत नाही गं!" माझ्याहून नऊ वर्षांनी थोरला, वहिनी गेल्यापासून एकटा. आता घर मी बघणार. गोळ्या दोन्ही वेळा जेवणानंतर. परवापासून चौदा दिवस घ्यायच्या, मग सात दिवस सुटी.

१४ ऑक्टोबर
त्याचे तळहात लालबुंद. बोटांवरच्या रेघा पुसल्यात. मांडीवर ताटलीएवढा काळानिळा डाग. खुर्ची लागली म्हणे. या घरात कण्हणंसुद्धा पाप.

१६ ऑक्टोबर
हिरड्यांतून रक्त. बेटावरची सोलफ्रीद नर्स त्याच्या गोळ्यांची आठवड्याची डबी भरून गेली. त्यात त्याच्या हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी असते. दोन्ही एकत्र चालतात का, विचारलं. तोडूनच बोलली, "त्या डबीला हात लावायचा नाही, बाई. कॅन्सरचं इस्पितळाला विचारा." रक्ताची तपासणी महिन्याची महिन्यालाच. इस्पितळाचा फोन लागेना.

१७ ऑक्टोबर
वादळ. बोट बंद, टेलिफोनच्या तारा तुटल्या. गुलाबी गोळ्यांचा कागद भिंगाने वाचला: रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, रक्त वरचेवर तपासा, नाहीतर रक्तस्राव. इस्पितळाच्या फॉर्मची प्रत सापडली. इतर औषधं: नाहीत. अक्षर एइलिफचंच! मी ओरडले. तो शांतपणे म्हणाला, "त्यांनी माझी औषधं विचारली. ती डबी तर सोलफ्रीदची."
दोन्ही गोळ्या बंद केल्या.

१८ ऑक्टोबर
रक्त थांबत नाही. भजनांच्या पुस्तकावर त्याच्या बोटांचे रक्ताचे ठसे— एकातही रेघ नाही. जणू कुणाचेच नाहीत. शेजारीण म्हणाली, देवाची इच्छा. देवाची? डबी काय देवाने भरली? फॉर्म देवाने वाचला? देवा, क्षमा कर. त्यांना करू नकोस.

१९ ऑक्टोबर
उशी रक्ताने भिजली— दुसरी उशी— शौचाला काळं—
वारा तसाच. पहिल्या बोटीने धाडायच्या पत्राची नक्कल:
डॉक्टरसाहेब, तुमचा फॉर्म खोटा आहे. माझा भाऊ दोन्ही गोळ्या घेत होता. नर्सच्या डबीचं कुणी एकानेही विचारलं नाही. रक्त थांबवायला काय द्यायचं ते उलट टपाली कळवा. मी धक्क्यावर उभी रा—
हाक मारतोय. तोंड भरल्यासारखी. उलट टपाली—