शिंकणाऱ्याला वाट नाही

रेवदंडा, मंगळवार

ती. निवेदिताताईस,

वाकून नमस्कार, पण लांबूनच (पायांना हात लावून लगेच तो धुतला असता तर तू महिनाभर बोलली नसतीस). तुझा गुडघा कसा आहे? मुख्याध्यापिकेच्या खुर्चीतून उठल्यापासून तू ठाण्यातल्या सोसायटीला शिस्त लावते आहेस असं तुझा अजेय सांगत होता. सोसायटीची प्रकृती कशी आहे? मी बरी आहे. हे सगळं फोनवर सांगितलं असतं तर "आश्लेषा, मूर्ख आहेस" म्हणून तू मध्येच फोन ठेवला असतास. पत्र तू शेवटपर्यंत वाचतेस, शुद्धलेखनाच्या चुका काढायला का होईना.

तुला ठाऊकच आहे, माझ्या तांबड्या पेशी जन्मापासून लेच्यापेच्या, आणि प्लीहा (पोटातली पानथरी) भलती कडक. दिसली लेचीपेची पेशी की मोड तिला (तुझ्या शाळेत तू तिला पर्यवेक्षिका केलं असतंस). शेवटी डॉक्टरांनी प्लीहाच काढून टाकली. रक्त सुधारलं, पण बाहेरून घुसणाऱ्या जंतूंना पकडण्याचं कामही तीच करायची. आता लशी आहेत, गोळ्या आहेत आणि एक ताकीद आहे: अंग जरा तापलं तरी घरी थांबायचं नाही, दुसऱ्याला दोन दिवस झोपवणारा ताप मला एका दिवसात संपवू शकतो. खोकणाऱ्या-शिंकणाऱ्यांना लांब ठेवायचं. आता ताई, आपल्या गावात ऑपरेशन झालेल्या बाईला भेटायला न जाणं म्हणजे वैर, आणि येणारा प्रत्येक जण नाक पुसत सांगतो, "सर्दी नव्हे गं, ॲलर्जी."

विहिरीपलीकडे राखणदाराचा दगड आहे, आठवतो? वर्षाला एक नारळ आणि एक विडी घेऊन तो चोरांपासून, गुरांपासून वाडी राखतो. दवाखान्यातून घरी आले त्या दुपारी मी थट्टेनंच त्याच्यापुढे एक जादा नारळ ठेवला आणि म्हटलं, बाबा, माझ्या आतला राखणदार काढलाय, तेवढं आतलंही बघ. (त्याला थट्टा कळत नाही, हे मला नंतर कळलं.)

पहिल्यांदा शेजारच्या गोदूकाकू आल्या, वाहत्या नाकाने, टळटळीत उन्हात. फाटकातून ओटी समोर दिसते, वाट सरळ. मी ओटीवर बसले होते. काकू आत शिरल्या, जायफळाच्या झाडाशी वळल्या, विहिरीला फेरी घालून परत फाटकाबाहेर गेल्या. पुन्हा आल्या, पुन्हा तेच. त्यांच्या मागून सुपारीची वाळकी झावळी कुणी फरफटत न्यावी तसा आवाज येत होता आणि मागे कुणीच नव्हतं. मी हात हलवला. त्यांची नजर माझ्यावरून रिकाम्या जागेवरून फिरावी तशी फिरली. शेवटी रस्त्यावर उभ्या राहून त्या ओरडल्या, "अगो, तुझं घर कुठे गेलं?" दुसऱ्या दिवशी त्यांची धडधाकट सून पेजेचा डबा घेऊन सरळ ओटीवर आली. मग मी लक्षच ठेवलं. चकवा फक्त सर्दीवाल्यांना लागायचा. तुझा अजेय जानेवारीत आला होता तो असाच फिरत फिरत किनाऱ्यावर निघाला आणि "मावशी घरी नव्हती" म्हणून मांडव्याहून लाँचने परत गेला. त्याच रात्री त्याला ताप भरल्याचं तूच कळवलंस. भीती वाटायची, खोटं कशाला सांगू? पण सोय इतकी छान होती की मी भीतीकडे काणाडोळा केला.

मग गेल्या महिन्यात मी पाव घ्यायला फाटकापर्यंत गेले आणि परत वळले, तर पुन्हा फाटकाशीच आले. परत वळले. माझी ओटी दिसली, माझी खुर्ची दिसली, दोरीवरचं माझंच लुगडं दिसलं, आणि मी त्यांच्या शेजारून निघून पुन्हा रस्त्यावर. आता फरफट माझ्या मागे होती. "अरे, मालकीण आहे मी," असं मी मोठ्याने म्हटलं (पाववाला तिथून पळाला). मग मानेला हात लावला. मान तापली होती. मला काहीसुद्धा वाटत नव्हतं.

रस्त्यावर रतनची रिक्षा होती, तशीच अलिबागच्या दवाखान्यात निघाले. चढावर तो वळून म्हणाला, "बाय, मागं दोघं बसलाव काय? गाडी वडत न्हाय." मी सरकून बसले. शेजारी विडीचा वास होता. डॉक्टर म्हणाले, रक्तात जंतू शिरायला लागले होते. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर कठीण होतं.

माझ्या शेजारच्या खाटेवर कोळीवाड्यातल्या नीराबाई होत्या. त्यांच्या हाडांतल्या मज्जेत रक्तच नीट तयार होत नाही, पांढऱ्या पेशी नावापुरत्या. तरी अख्खा कोळीवाडा भेटायला निघायचा. पण त्यातले शिंकणारे कुणी कॅन्टीनमध्ये निघायचे, कुणी रिक्षा स्टँडवर. घसा बसलेल्या एका तरुण डॉक्टरांना तर सकाळभर आमचा वॉर्ड सापडला नाही. नीराबाई माझ्या खाटेच्या पायथ्याकडे बघून म्हणाल्या, "गो, तुजा म्हातारा बसत का न्हाय? सकालपासना उभाच हाय." मला कुणी दिसलं नाही. (विडीच्या वासाबद्दल सिस्टरनी मात्र आम्हा दोघींना झापलं.)

मला घरी सोडलं त्या दिवशी नीराबाईंनी माझा हात धरला. "तुला आता जोर आलाय. म्हाताऱ्याला माज्याजवल ठेवून जाशील? आमची मानसा येतान, खोकतान, नि वर मुका घेतान." ताई, मला नाही म्हणवेना. त्यांचा हात कागदासारखा हलका होता. वर्षाला नारळ आणि विडी लागते, एवढं सांगितलं. "इडीचा काय," त्या म्हणाल्या, "घोवाच्या खिशान हाय" (म्हणजे नवऱ्याच्या). परत येताना रिक्षा चढावर नुसती उडत होती. आणि परवा गोदूकाकू, नाक पुसत, सरळ ओटीवर येऊन माझ्या खुर्चीत बसल्या. मी आत जाऊन कडी लावली आणि खिडकीतून गप्पा मारल्या. वाडीत आता फरफटीचा आवाज नाही. मी तासन्‌तास कान देऊन बसते.

तुझी, दार लावून बसलेली,
आश्लेषा

ता. क. मुद्द्याचं राहिलं. तू इथे ये आणि फाटकाशी खुर्ची टाकून बस. तुझ्या नजरेसमोरून शिंकत आत जायची आजवर कुणाची छाती झालेली नाही. नारळ रोज, आणि विडीऐवजी वालाचं बिरडं.

आणखी एक ता. क. एवढं लिहून पाकीट चिकटवणार तर मांडव्याहून तुझाच फोन. न कळवता निघालीस, रिक्षा तीनदा जेटीवरच परत आली, आणि घसा खवखवतोय "पण ती ॲलर्जी." मी "पुढच्या लाँचने परत जा" म्हटलं आणि तू रागाने फोन ठेवलास. म्हणून हे पत्र टाकतेच आहे. नंतर गोदूकाकूंना त्यांच्या नाकाबद्दल विचारलं. त्यांना डॉक्टरांनी सांगितलंय की या वेळी खरोखरच ॲलर्जी आहे. ॲलर्जी लागत नाही, म्हणून त्यांना वाट मिळाली; म्हणजे तो परत आला म्हणायचा. घाबरून नीराबाईंना फोन लावला, तर त्या म्हणाल्या, "खय जातो? हा काय, पायाशी बसलाय." मग तुला जेटीवर कोण फिरवत होतं, ते मी विचारायचं नाही असं ठरवलंय. तू बरी हो, फ्लूची लस घे, आणि ये. फाटकाशी बसू नकोस. आत, माझ्याजवळ बस. ऑपरेशन झाल्यापासून माझ्याशेजारी कुणी नुसतं बसलेलं नाही.