ऐकणे : उत्कृष्ट

४ नोव्हेंबर, मंगळवार

आजपासून कामाला लागलो. आमच्या गल्लीच्या टोकाला सुभेदार बन्सीधर राहतात — निवृत्त. फौजेतून घरी आलेल्यांची विचारपूस करणारं एक मंडळ चालवतात. घरी जायचं, बसायचं, अडचण कळवायची. माझ्या वाट्याला चारठाण्याचा सूर्यभान आला. म्हणाले, "गुरुजी, तो कुणाशीच बोलत नाही. तुमचा विद्यार्थी हाय, तुमच्याशी बोलंल." भेटीचा छापील कागद दिला — प्रकृती, दृष्टी, ऐकणे, अडचण. पाच ओळींत उरकायचं म्हणे. पाच ओळींत माणूस!

बायको, अनसूया, एवढंच म्हणाली, "तिथं तरी कविता म्हणू नका."

११ नोव्हेंबर

परभणीहून निघालो, जिंतूरला गाडी बदलून चारठाणा. अकरा वर्षं शिकवलं इथं. शाळेवर नवे पत्रे आलेत. देवळाचे दगडी खांब होते तिथंच आहेत — त्यांची बदली होत नाही. सहावीच्या वर्गाची ती खिडकी अजून आहे. दुपारचं ऊन तिच्यातून दुसऱ्या बाकापर्यंत यायचं, आणि ते तिथं पोचलं की मी कवितेचा तास घ्यायचो, वेळापत्रकात गणित असलं तरी. तिथं उभा राहिलो ते किती वेळ, कळलं नाही. शिपायानं विचारलं, "कोण पाह्यजे?"

त्या खिडकीशीच सूर्यभान बसायचा. मी कविता म्हणायचो आणि हा बाहेर बापाची मेंढरं बघायचा. किती खडू फेकून मारले! पुढे तोफखान्यात भरती झाला. वीस वर्षं तोफांजवळ. दोन वर्षांमागं घरी आला, आता परत मेंढरंच.

ओट्यावर बसलो. विचारलं, "मेंढरं किती आहेत?" म्हणाला, "हो गुरुजी."

"पाऊस कसा झाला यंदा?" "हो गुरुजी."

फौजेची शिस्त!

बोलणं पुढे सरकेना, म्हणून जुन्या पाठ्यपुस्तकातली एक कविता म्हटली. आणि काय सांगू — पापणी न हलवता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. तोच हा मुलगा! एकूण सात झाल्या.

१८ नोव्हेंबर

अकरा कविता. एक मेंढरू त्याचं कोपर चाटत होतं, तरी हलला नाही.

परतताना गाडीतच कागद भरला. "प्रकृती ठीक. दृष्टी ठीक. ऐकणे : उत्कृष्ट. चौतीस वर्षांच्या नोकरीत असा श्रोता लाभला नाही. अडचण : काही नाही." पाच ओळींत बसलं.

२१ नोव्हेंबर

सुभेदार खूश. म्हणाले, "बरं झालं गुरुजी. सोळा डिसेंबरला कानाचे डॉक्टर यायलेत, एकच दिवस. तोफखान्यातल्या लोकांची तपासणी. ज्याला गरज त्याला यंत्र देणार. तीसच नावं घ्यायची होती, तुमच्या सूर्यभानचं काटलं."

मला अभिमान वाटला. हे लिहून ठेवलं पाहिजे, कारण तो खरोखर वाटला होता.

२५ नोव्हेंबर

सूर्यभान माळावर गेलेला. त्याची बायको विजयमाला घरी होती. चहा दिला. मी म्हणालो, सूर्यभान फार रसिक निघाला.

ती पदर तोंडाला लावून हसली. मग हसणं थांबलं.

"गुरुजी, त्यांला ऐकू कुठं येतंय? तोफांनी कान खाल्ले. तुमी बोलायलात अन् ते नुस्तं तोंडाकडं बघायलेत."

"मग सांगितलं का नाही?"

"मला आण घातली हाय. फौजी भैरा झाला म्हणलं की गाव चेष्टा करंल म्हणतेत. बोलणंच सोडलं, म्हंजी कुणाला कळायचं न्हाई. गाव म्हणतंय, लय माज आला."

मग तिनं सांगितलं : गेल्या शनिवारी तो मेंढरं घेऊन रस्ता ओलांडत होता. मागून ट्रॅक्टर. ड्रायव्हर हॉर्न देऊन दमला. दोन मेंढ्या गेल्या, हा हातभर अंतरानं वाचला.

"पुढच्या टायमाला मेंढ्याच जातील असं न्हाई ना, गुरुजी."

चहा निवला होता. तसाच प्यायलो.

२६ नोव्हेंबर

आज कविता नाही.

२८ नोव्हेंबर

सुभेदारांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळ धरलं. "यादी गेली, गुरुजी. नाव परत घालायचं तर आधीचा कागद चुकीचा होता असं लेखी लागंल. कारणासकट. अन् साफ साफ लिहा — अलंकार नको."

तीन कच्चे मसुदे फाडले. चौथा असा : "मी श्री. सूर्यभान यांच्यासमोर दोन भेटींत अठरा कविता म्हटल्या. त्यांपैकी एकही त्यांना ऐकू आलेली नाही. ते तल्लीन झाले आहेत असा माझा समज झाला. तो चुकीचा होता. त्यांच्या कानांची तपासणी व्हावी."

खाली सही. निवृत्त मराठी शिक्षक. हे शेवटचे तीन शब्द सुभेदारांनी लिहायला लावले.

अनसूयेनं वाचलं. म्हणाली, "अक्षर छान आलंय."

२ डिसेंबर

अर्ज पोचला, पण सूर्यभानच यायला नको म्हणाला तर? पिशवीत पाटी आणि पेन्सिल घेऊन गेलो.

पाटीवर लिहिलं : "मला सगळं कळलं."

त्यानं आधी बायकोकडे बघितलं. ती चुलीकडे बघत होती. मग म्हणाला — फार मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं — "यायचा न्हाई मी! गाव हसंल!"

मी अर्जाची नक्कल त्याच्या हातात दिली. वाचायला वेळ लागला. "तल्लीन" वर बोट थांबलं. मग खांदे हलायला लागले. "दोन महिन्यांनी हसले," विजयमाला म्हणाली.

पाटीवर लिहिलं : "गाव आधी मला हसेल. तू माझ्या मागे उभा राहा."

त्यानं पाटी घेतली, पुसली, खाली ठेवली.

"किती तारखंला?"

१६ डिसेंबर

तपासणी झाली. डावा कान पूर्ण गेला. उजव्याला यंत्र चालेल, महिनाभरात मिळेल. डॉक्टरांनी माझा अर्ज चारचौघांत मोठ्यानं वाचला. सूर्यभान खरंच माझ्या मागे उभा होता. सगळे हसले, तो सोडून. त्याला ऐकू आलं नाही.

६ जानेवारी

यंत्र मिळालं, असा विजयमालाचा फोन. "मेंढरं येवढी वरडतेत हे इसरलो व्हतो म्हणायलेत. अन् मी बी वरडते हे."

मी गेलो नाही. आता त्याला ऐकू येतं, मग मी काय म्हणू?

१३ जानेवारी

सूर्यभानच आला, परभणीला. बसला आणि म्हणाला, "म्हणा गुरुजी." सगळ्यात चांगली येते ती म्हटली. शेवटपर्यंत ऐकून मान हलवली.

"ही न्हाई. ती म्हणा — जिला तुमचे डोळे भरतेत."

कोणती, ते मला माहीत नाही. आतल्या खोलीत अनसूयेचं भांडं वाजायचं थांबलं.

पहिल्यापासून म्हणायला घेतल्या. तो डोळ्यांकडे बघत बसला.