दहा-अकराचा पाना आणि बिनकोटिंगचा ओव्हन

अंबरपेठ, हैदराबाद
रविवार

आदरणीय सखूअक्का हिस,
धाकट्या सूर्यभानचा सविनय जयभीम.

ओव्हन आला. त्याची खरी किंमत आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं पत्र तू निवांत वाचशील. सहा दुकानं, अकरा फेऱ्या, गिरीशरावांची डाव्या पायाची चप्पल, गीताचा चार दिवसांचा अबोला आणि माझी बत्तीस वर्षांची इज्जत. रुपये वेगळे. ते गीतानं दिले आणि किती दिले ते ती सांगत नाही, म्हणून ते धरले नाहीत.

तुझा गुडघा कसा आहे? बबलूचा तुरा कसा आहे? (क्रम चुकला असेल तर माफ कर. मागच्या वेळी बबलूची चौकशी दुसऱ्या पानावर केली म्हणून तू आठ दिवस धड बोलली नव्हतीस.) आम्ही इकडे बरे आहोत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण हल्ली फोनवर लांब बोलायला मला नको वाटतं. त्याचं कारण शेवटी लिहीन, धीर झाला तर.

दाजी गेल्यापासून मी तुला पाच वेळा म्हटलं, अक्का, नांदेडला एकटी बसून काय करतेस, इकडे ये. पाचव्यांदा तू हो म्हणालीस. मी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आणि त्याच आठवड्यात तुझ्या संघपालनं पुण्याहून कुठलीशी माहिती शोधून तुला वाचून दाखवली, की नॉनस्टिकची भांडी फार तापली की त्यातून एक वाफ निघते, माणूस त्यातून तरतो, पण पिंजऱ्यातला पक्षी काही मिनिटांत आटोपतो. झालं. तुझा निरोप आला: “सूर्या, तुझ्या घरात तसलं एक जरी भांडं असेल तर मी नांदेडच्या दाराला कुलूप लावणार नाही.” मला राग आला नाही. बबलू म्हणजे नुसतं पाखरू नव्हे. दाजींनी त्याला आपली शीळ शिकवली आणि दाजी गेले तरी ती शीळ रोज संध्याकाळी तुझ्या घरात वाजते, हे मला ठाऊक आहे. मी लगेच कामाला लागलो.

तवे गेले, कढई गेली, सँडविचचं यंत्र गेलं. सगळं पक्षी नसलेल्या घरांत वाटलं. (खालच्या मजल्यावरच्या चतुराबाईंनी दोन तवे घेतले आणि मग उंबऱ्यात थांबून विचारलं, “पण भाऊसाहेब, आम्ही माणसांनी खाल्लं तर चालतं ना?” मी म्हटलं, तुम्हाला पंख फुटले तर कळवा.) शेवटी गीताचा जुना ओव्हनही गेला, कारण तो आतून काळा गुळगुळीत होता. इथं गाडी अडली. तुला माहीत आहे, गीताची खारी बिस्किटं दर शुक्रवारी अठ्ठावीस घरांत जातात. ती म्हणाली, “अक्का येणार याचा मला तुमच्यापेक्षा जास्त आनंद आहे. पण शुक्रवारी ओव्हन नसला तर त्या अठ्ठावीस दारांत तुम्ही उभे राहायचं, रिकामे डबे घेऊन.” म्हणजे एका बाजूला तुझी अट, दुसऱ्या बाजूला हिची, आणि मधे मी, हातात शुक्रवार धरून.

आता माझी पद्धत तुला सांगायला नकोच. सतराव्या वर्षी पत्र्याची पेटी घेऊन या गावात उतरलो तेव्हा डेपोत बसगाड्या धुवायचं काम मिळालं. धुता धुता मी ऐकायचो. कुठली गाडी कुंथते, कुठली खोकते, कुठलीचं बेअरिंग रडतंय. पुढं बत्तीस वर्षं आधी मेकॅनिक, मग फोरमन होतो, ते या कानांच्या जोरावर. फाटकापाशी चहा पिता पिता सांगायचो, अंबरपेठेची गाडी येतेय, मागचं डावं चाक उघडा, आणि उघडल्यावर निघायचंच तिथं काहीतरी. साहेब लोक आपल्या स्कूटरी ऐकवायला आणायचे. कान अजून तसेच आहेत. परवा फोनवर तू बबलूला शीळ घालायला लावलीस, आठवतं? लाइनवर एवढी खरखर होती, तरी मी तत्काळ म्हटलं की नाही, “अक्का, अगदी दाजीच!” तुला रडू आलं होतं. असा कान आहे.

तेव्हा ओव्हन मी ऐकून घेणार होतो. साधा हिशेब आहे: उघड्या स्टीलवर पाना मारला की ठण्ण वाजतं, वर लेप असला की ठक्क. दहा-अकराचा पाना खिशात घातला आणि जामबागेतून गिरीशरावांना बरोबर घेतलं. गिरीशराव म्हणजे माझे चाळीस वर्षांचे स्नेही, केमिस्ट्रीचे निवृत्त मास्तर. त्यांचं घराणं चार पिढ्या वकिली आणि मास्तरकी करत आलेलं, मराठी अशी बोलतात की मध्येच ‘तद्वत’ आणि ‘किंबहुना’ येतं आणि रिक्षावाला मागं वळून बघतो. त्यांना माझी पद्धत पटली नव्हती. त्यांचं म्हणणं, खोक्यावर लिहिलेलं असतं, तेवढं वाचावं. मी म्हटलं, गिरीशराव, लिहिलेलं तर डिझेलच्या गाडीच्या कागदावर मायलेजही असतं, पडतं का तेवढं?

पहिलं दुकान कोठीजवळचं, मोठं, काचेचं. मी ओव्हनचं दार उघडलं, मान आत घातली आणि पाना मारला. ठक्क. दुसऱ्या भिंतीवर मारला. ठक्क. विक्रेता धावत आला. कोट घातलेला, माझ्याच वयाकडे झुकलेला माणूस. “हौले हौले, साब! ओव्हन है, तबला नहीं.” मी म्हटलं, मियाँ, कोटिंग लगा के स्टील बोल के बेचते क्या? तो शपथेवर सांगत होता, नहीं साब, खाली स्टील है, कायकू झूट बोलना. मी पुन्हा वाजवून दाखवला. ठक्क. गिरीशराव म्हणाले, “सूर्यभानराव, मला तर हा स्वच्छ ठण्ण ऐकू येतोय, किंबहुना घंटेसारखा.” मी त्यांना प्रेमानं समजावलं, की चाळीस वर्षं वर्गातला गोंगाट ऐकून तुमचे कान गेलेत, त्यात तुमचा दोष नाही. ते माझ्याबरोबर दुसऱ्या दुकानाकडे निघाले. (मोठा माणूस.)

मग दुसरं दुकान, तिसरं, चौथं. ठक्क, ठक्क, ठक्क. गौलीगुड्यातल्या पाचव्या दुकानात गालिचा होता म्हणून चपला बाहेर काढाव्या लागल्या. बाहेर आलो तर गिरीशरावांची एक चप्पल कुत्र्यानं नेलेली. तिथले दोघे विक्रेते माझ्या पाठीमागं तेलुगूत पुटपुटले, की या पेद्दायनाला वेड लागलंय, पोलिसांना बोलवू की डॉक्टरला? पेद्दायना म्हणजे वडीलधारा गृहस्थ. माझ्या कानाला असलं पुटपुटणं पहिल्या शब्दापासून स्वच्छ कळतं. मी वळून तेलुगूतच सांगितलं, की आधी चहा बोलवा, मग ठरवू. त्यांनी खरंच बोलवला. चांगला होता. पण ओव्हन ठक्क.

सहाव्या दुकानातून आलो आणि मी घरात जाहीर केलं, की हैदराबादेत बिनकोटिंगचा एकही ओव्हन उरलेला नाही, सगळा बाजार लबाड आहे, ग्राहक मंचात जायचं, मी कच्चा अर्जही लिहिलाय. गीतानं अर्ज वाचला. (तो तीन पानी होता आणि त्यात ‘ठक्क’ हा शब्द चौदा वेळा होता.) त्यानंतरच ती अबोल्यात गेली. सोमवार ते गुरुवार. जेवायला वाढताना ती भिंतीवरच्या कॅलेंडरला विचारायची, “भाजी हवी का?” आणि मी कॅलेंडरच्या वतीनं हो म्हणायचो.

गुरुवारी दुपारी तिनं पर्स घेतली, पाण्याची छोटी बाटली घेतली, आणि मला म्हणाली, “चला. पाना राहू द्या.” मी पाना घेतलाच. ती थेट पहिल्या दुकानात गेली. तो कोटवाला मला बघून कॅश काउंटरच्या मागं सरकला. गीतानं बोट पाण्यात बुडवलं आणि आधी दुसऱ्या एका ओव्हनच्या काळ्या ट्रेवर थेंब सोडला. अळूच्या पानावरचा थेंब असतो ना, तसा तो गोळी होऊन पळाला. म्हणाली, “ही कोटिंग.” मग मी ज्याला सगळ्यात आधी नापास केलं होतं त्या ओव्हनच्या भिंतीला ओलं बोट लावलं. पाणी पसरलं, ओघळलं, भिंतीला चिकटलं. ट्रेवरही तेच. “हे नुसतं स्टील.” चार दिवस, सहा दुकानं आणि एक चप्पल जे ठरवू शकली नव्हती ते एका बोटानं अर्ध्या मिनिटात ठरलं.

कोटवाला दिलदार माणूस. बिल करता करता म्हणाला, “चाचा, एक बार बजा लो. दिल को तसल्ली.” दुकानातली गिऱ्हाइकं गोळा झाली. मी पाना काढला आणि मारला. सगळ्यांचे चेहरे उजळले. एक बाई तर “वा!” म्हणाली. गीता माझ्याकडे बघत होती, म्हणून मीही चेहरा उजळला.

शुक्रवारी अठ्ठावीस डबे वेळेवर गेले, एकोणतिसावा गिरीशरावांकडे, नव्या चपलांसकट. तेव्हा आता घरात पाखराच्या जिवाला धोका होईल असं काही उरलेलं नाही. पूर्वेकडच्या खिडकीत पिंजऱ्यासाठी खुंटी ठोकून ठेवली आहे. संघपालला सांग, मामानं प्रत्येक भांड्यावर पाणी टाकून बघितलंय, स्वतः. लवकर ये. गीता वाट बघते, मी तिच्याहून जास्त बघतो, पण तिच्यासमोर तसं म्हणत नाही.

तुझा धाकटा,
सूर्यभान

ता. क. १: ओव्हनच्या खोक्यावर ‘आतून स्टील, कोणताही लेप नाही’ अशा अर्थाची ओळ बोटभर मोठ्या अक्षरांत होती. गिरीशरावांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. ते आता सांगतात.

ता. क. २: येताना तुझा लोखंडी तवा आण. आमच्याकडे सध्या पोळी ट्रेवर भाजली जाते आणि चौकोनी होते.

ता. क. ३: काल गीता मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. कानाला डबी लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. मी बराच वेळ बटण धरून बसलो, वाटलं यंत्र अजून सुरू व्हायचंय. ते संपलं होतं. बाई म्हणाल्या, जाडे आवाज उत्तम आहेत, इंजिन, पुरुषांचं बोलणं, पाठीमागचं पुटपुटणं, सगळं येतं. बारीक आवाज गेलेत. बत्तीस वर्षांच्या ब्रेकांनी नेले. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, स्टीलवरचा पाना. तेव्हा बाजार लबाड नव्हता. अर्ज फाडला. उद्या सहाही दुकानांत बिस्किटं द्यायला जायचं आहे, गीताचा हुकूम. कानात घालायचं यंत्र मागवलंय, त्याला महिना लागेल.

ता. क. ४: एक काम आहे तुझ्याकडे, म्हणून एवढं लिहिलं. यंत्र यायची वाट बघू नकोस, आधीच ये. आणि संध्याकाळी बबलू सुरू झाला की माझ्या हाताला हात लाव, म्हणजे मला कळेल की दाजी बोलताहेत. अक्का, त्या दिवशी फोनवर मला शीळ ऐकू आली नव्हती.