तळहातावरचा अमल

धोरावास, आखातीजेनंतरचा तिसरा दिवस

चि. चैनू हिला सुगनचे पोटभर आशीर्वाद.

इकडे सगळे मजेत. सांडणी व्याली. विहिरीला पाणी कमी, सासूबाईंच्या जिभेला भरपूर. आईने नारळाबद्दल विचारलंय, ते मागाहून लिहिते. आधी तुझ्या जीजाजींची गंमत ऐक.

होळीनंतर मी हट्टाने त्यांना जोधपूरच्या डॉक्टरांकडे नेलं. इतकी वर्षं मुलासाठी उपास, ताईत, नवस सगळं माझ्याच गळ्यात. म्हटलं, एकदा तुमचीही तपासणी होऊ दे. माझ्यात काही दोष निघाला नाही. मग डॉक्टरांनी त्यांना विचारलं, "अफू घेता?"

"फार नाही, होकम. सकाळी गोळी, संध्याकाळी गोळी. आणि बैठकीत कुणी अमल, म्हणजे घोटलेल्या अफूचं पाणी, तळहातावर धरला, तर तेवढा. नाही कसं म्हणणार?"

"तिथेच घोडं अडलंय. अफूने मेंदू पेंगतो, खाली हुकूम धाडायचा विसरतो. मग पुरुषाचं हार्मोन आटतं, बीज आटतं, इच्छाही आटते."

"अहो, पण आम्ही तर मर्दानगीसाठीच घेतो!"

डॉक्टर खोकतच बसले. मी घुंघटात इतकी हसले की नर्सला वाटलं, रडतेय. थोडी रडतही होते. अफू एकदम सोडायची नाही, औषधावर हळूहळू उतरवायची, असं ठरलं. बहुतेकांचं सुधारतं म्हणाले, पण हमी दिली नाही.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या भाकरी थापत राहिल्या.

आखातीजेच्या सणाला अंगणात बैठक भरली. सासऱ्यांनी अमल गाळला, तळहातावर ओतला आणि लेकापुढे धरला. बापाच्या हाताला नाही म्हणणं म्हणजे चारचौघांत त्याचा फेटा उडवणं. हे घामाघूम. कसेबसे म्हणाले, "नको, बासा."

"नको? अरे, मी जन्मभर घेतोय. चार पोरं झाली मला!"

बायकांनी बैठकीत बोलायचं नसतं. पण दाराआडून सासूबाई म्हणाल्या, "चौथ्याचं बारसं झालं, मग तुमचा गुडघा धरला, तेव्हा अफू सुरू केलीत. त्यानंतर या घरात पाळणा हललाय? मी कधी विचारलं?"

सगळी बैठक आपापल्या मोजड्यांकडे बघू लागली. सासऱ्यांच्या हातातला अमल कोपरापर्यंत ओघळला. अमलानंतर तोंड गोड करायला गूळ देतात ना, त्या ताटाकडे बोट करून ते हळूच म्हणाले, "पोराला नुसता गूळ द्या."

आता नारळाचं. माघात सासूबाईंनी तो तुझ्यासाठी मागणी म्हणून पाठवला; कुणासाठी, ते तुला आईने सांगितलं नसेल. तुझ्या जीजाजींसाठीच, दुसरी बायको म्हणून. तेव्हापासून तुझं नाव लिहायचे आणि कागद चुलीत टाकायचे. काल सासूबाई आपण होऊन म्हणाल्या, "माहेरी कळव, मागणी मोडली. नारळ माघारी नको."

मूल होईल की नाही, देव जाणे. पण हे हल्ली आरशापुढे मिशी पिळतात, आणि काल उगाचच चुलीपाशी घुटमळत होते. बाकीचं तुला लिहायचं नाही.

तू तो नारळ फोड, आणि सगळ्यांनी मिळून खा.

तुझी बहीण, आणि फक्त बहीणच,
सुगन