मशीनवरचा क्रोशाचा रुमाल

२० एप्रिल १९८६, रविवार

परत झाकलं. सांगून सांगून तोंड दुखलं माझं. टीव्हीला जोडलेलं गेमचं मशीन चालू असताना वर रुमाल टाकायचा नाही. त्याच्या पाठीला फटी आहेत, आतली गरम हवा त्यातनं निघते, त्या बुजल्या की आतल्या आत शिजतं. काकूंचं एकच, "उघडं कसं ठेवायचं? धूळ बसते. माझ्या दिलीपने मस्कतहून पाठवलंय, रस्त्यात नाही सापडलं." म्हटलं धूळ मी पुसतो. तर, "तू काय काय पुसतोस ते दिसतंय मला."

रुमाल त्यांनी स्वतः विणलेला. क्रोशाचा, मधे मोर. टीव्हीवर एक, गेमच्या मशीनवर एक.

त्यांना एका कानाने काहीच नाही, दुसऱ्याने अर्धंमुर्धं. भांडायचं तरी ओरडून. गल्लीला वाटत असेल मी म्हातारीच्या अंगावर जातो.

सं. पाचला चित्र थरथरायला लागलं. पाठीवर हात ठेवला तर चटका. खाली भिंतीतनं वीज घेणारा काळा ठोकळा, तो तर इस्त्रीसारखा. बंद केलं. बाकावरची चारी पोरं ओरडली, "ओ गेमवाले, आमची पंधरा मिनिटं!" उद्या भरून देतो म्हटलं.

२२ एप्रिल

भाऊचं कार्ड. "पेरणीच्या आत कायमचा ये. टीव्हीपुढं बसायचा पगार किती दिवस कोण देईल." खाली आईचं म्हणून एक ओळ, तब्येत जप. ती पण भाऊच्याच अक्षरात, त्यामुळे आईचं नक्की काय ते समजत नाही.

बार्शीला तेलगिरणीत चार महिने, मग ट्रकवर क्लीनर, मग सातपूरला कारखान्याच्या कँटीनमध्ये. सगळीकडून मीच पळालो. करमाळ्याहून निघालो तेव्हाच भाऊ म्हणाला होता, हा कुठं टिकायचा नाही. पंचवटीत काकूंकडे पैसे घेऊन पोरांना गेम खेळवायचं काम, त्यांच्याच ओटीवरच्या खोलीत राहून, आठवा महिना चालू आहे. हे मशीन बंद पडलं तर भाऊचं खरं होईल. मला नाय जायचं.

२४ एप्रिल

काकू काल शेजारणींबरोबर वणीच्या गडावर गेल्या, चैत्राची यात्रा. मशीन दिवसभर उघडं ठेवलं. एकदा पण अडलं नाही. चित्र कसं स्वच्छ.

पण घर फार मोठं वाटलं. दोन खोल्या नि ओटी, तरीही. भाकरी-पिठलं झाकून ठेवून गेल्या होत्या. दु. उन्हाचं एक पोरगं आलं नाही. दोघांनी खेळायचा खेळ लावला, दोन दांड्या असतात. एक उजव्या हातात, एक डाव्या. डावा जिंकला. सांगणार कोणाला.

२५ एप्रिल

काकू आल्या. प्रसाद दिला. मी ओरडून सांगितलं, उघडं ठेवलं तर दिवसभर चाललं बघा.

"चालणारच. देवीला सांगून आले ना मशीनचं."

मग त्याला हळदकुंकू लावलं आणि वर रुमाल. कुंकू फटीतनं आत. दाढीच्या कोरड्या ब्रशने काढत बसलो.

३ मे

शाळांना सुट्टी लागली. ओटीवर पाय ठेवायला जागा नाही, बाहेर सायकलींची रांग. खोलीत वर पत्रा. पोरांच्या घामाचा वास, टीव्हीची धग, मशीनची धग. तीनदा अडलं. एकदा तर सगळं चित्र हिरवं झालं नि दांडी कुठे पण फिरवा, विमान एकाच जागी. पोरं मशीनवर चापट्या मारायला लागली, आमच्या घरी रेडिओला मारतात तशा. मी एकाचा हात धरला. "हात काय धरता, मोडलेलं मशीन ठेवता न् वर पैसे घेता!" नववीतलं पोरगं. बोलतं असं की मीच लहान.

काकू आतनं आल्या. "काय झालं त्याला?"

ओरडलो, "त्याला गार ठेवायला पाहिजे! गार!"

मान हलवली. रुमाल काढून घेतला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. मला वाटलं जिंकलो.

६ मे

लिहावं की नको. 

दु. रेशनला रॉकेलच्या रांगेत होतो. आलो तर ओटीवर काकू मशीनपुढे बसलेल्या. माठाला गुंडाळतात तसं ओलं फडकं मशीनला गुंडाळलेलं, दुसरं ठोकळ्याला. हातात तांब्या. वरनं थोडं थोडं पाणी सोडत होत्या. मशीन चालू. पोरं नव्हती म्हणून बरं.

मी ओरडलो, पण पाठ माझ्याकडे. ऐकू कुठलं यायला. धावत जाऊन मेन स्विच पाडला, तोवर ठोकळ्यातनं फट्‌ झालं, निळा जाळ नि धूर. तांब्या गडगडत पायरीवर.

काकूंना धरून भिंतीला बसवलं. लागलं नाही कुठे.  पाणी दिलं.

"गार करत होते रे. माठ नाही का होत गार."

मला हसू पण आलं नि रडू पण.  मीच सांगितलं होतं ना गार ठेवा म्हणून. वारा लागू द्या म्हणून सांगायला पाहिजे होतं.

८ मे

मशीन रिक्षात घालून मेन रोडच्या मागे रज्जाकभाईकडे नेलं, रेडिओ दुरुस्त करतात. उघडलं तर आत पाणी, कुंकू नि एक मेलेलं झुरळ.

"भाय, याला पानी पाजलं कोणी?"

म्हटलं, सांडलं.

"सांडलं? ये तो आंघोळ हाय." मग म्हणाले ठोकळा मेला, मी हाताने तार गुंडाळून नवीन करून देतो, डबा कदाचित जगेल. आठ दिवस सावलीत वाळव. आणि हे पण म्हणाले, माल चांगला आहे, पण ज्यांनी बनवला त्यांनी पत्र्याखालचा मे बघितलेला नाही. अर्धा तास चालव, अर्धा तास झोपव.

घरी येऊन काकूंना सांगितलं, जगेल. त्यांनी विचारलं, "दिलीपला काय सांगायचं?" उद्या त्याचा फोन.

९ मे, शुक्रवार

दिलीपचा फोन महिन्यातनं एकदा शुक्रवारी येतो, तिकडे सुट्टी असते. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टरांचा दवाखाना, तिथे. काकू चांगलं लुगडं नेसतात. त्यांना फोनमधलं ऐकू येत नाही म्हणून कानाला मी लावतो. तो बोलतो ते मी त्यांच्या कानात सांगतो, त्या म्हणतात ते मी फोनमध्ये ओरडतो. दिलीपला वाटतं कंपाउंडर बोलतोय. पहिल्यापासून तसंच चाललंय, कोणी खुलासा केला नाही.

आज, "आईची तब्येत?" बरी. "पैसे मिळाले?" मिळाले. "मशीन?"

कानात सांगितलं, मशीन विचारतोय.

"सांग, बंद पडलंय."

सांगितलं. तिकडनं, "बंद? नवं कोरं होतं! कशाने?"

कानात, कशाने विचारतोय.

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीवर औषधाच्या कंपनीचं कॅलेंडर, त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "सांग, पोराच्या हातनं पाणी सांडलं."

फोन हातात. तिकडे हॅलो हॅलो चाललेलं. ओरडून सांगितलं, "पोराच्या हातनं पाणी सांडलं!" बाहेर बाकावरच्या बायांनी पण वळून बघितलं.

दिलीप भडकला. "त्या नामदेवला आजच्या आज काढायला सांगा आईला! गावाकडनं उठतात न्..." पुढचं लिहीत नाही.

नामदेव म्हणजे मीच, नि ते पण कानात सांगायचं काम माझंच. शिव्या गाळल्या, बाकी जसंच्या तसं. "नामदेवला आज काढा म्हणतोय."

"बरं म्हणाव."

"बरं म्हणतायत!"

कंपाउंडर पुड्या बांधत होता. हातातली पुडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिला.

वाटेत काकूंनी मेथीची जुडी घेतली. घरी येऊन माझं ताट वाढलं, रोजच्यासारखं.  जेवलो. काय समजायचं मी?

१० मे

काढलं का नाही? पिशवी भरून ठेवली. काकूंना विचारायचं तर ओरडून विचारावं लागेल, "मला काढलं का?" सगळी गल्ली ऐकेल. राहू दे.

१३ मे

काही नाही. ओटी रिकामी. पोरं येतात, डोकावतात, जातात. काकू ओटीवर फिरकत नाहीत. आतनं भांड्याचा आवाज आला की तेवढंच. टीव्हीवरचा रुमाल पण काढून ठेवला त्यांनी. आधी दिवसभर मागे लागायच्या, पाय खाली घे, दार लोट, पंखा कशाला. तेव्हा कानाला त्रास व्हायचा. आता कोणी म्हणत नाही.

सं. नदीवर गेलो, इथले तिला गंगा म्हणतात. पायऱ्यांवर बसलो. एका बाईने विचारलं, "भाऊ, किती वाजले?" घड्याळ नाही म्हटलं. दिवसभरात बोललो ते एवढंच.

राग येतो. नाव माझं घेतलं. पण खरं सांगितलं असतं तर दिलीपने आईला काय म्हटलं असतं? ओटी बंद कर, एवढंच. तिला काढून तर नसतं टाकलं. मला काढलं तरी कोणाला काय, मी कुठलाही पोरगा. असं मनात येतं नि मग जेवण जात नाही.

२० मे

चालू झालं!! रज्जाकभाईंचा ठोकळा वजनाला विटेएवढा, घूं करतो. सकाळी एकट्याने लावलं. चित्र आलं. आत जाऊन काकूंना हाताने खूण केली. दारापर्यंत आल्या, चौकटीतनं बघितलं. ओटीवर पाय नाही ठेवला.

"पाणी नाही ना जवळ कुठे?"

नाही म्हटलं. गेल्या आत.

मशीनखाली दोन विटा लावल्या, म्हणजे खालनं पण वारा. पाठ खिडकीकडे.

२३ मे

अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. पोरांना पटत नाही. "मशीनला पण सुट्टी?" ते नववीतलं म्हणतं, "याच्यापेक्षा आमची शाळा बरी." पण येतात. बंद असतं तेव्हा गोट्या खेळतात खाली. चाळीस मिनिटं गेली तर चित्र थरथरतं, मला त्याच्या आधीच कळतं. ठोकळ्याचा आवाज बारीक होतो.

२८ मे

भाऊचं परत कार्ड. पेरणी. मशीन चालतंय, पण मी आहे की काढलेला आहे ते अजून कळलं नाही. पगार एक तारखेला द्यायची काकूंची पद्धत. तेव्हा कळेल.

१ जून

पगार दिला. नेहमीएवढा. डब्यातनं मोजून हातावर ठेवला, वर म्हणाल्या, "शुक्रवारी दिलीपचा फोन आहे. येशील ना रे?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार दुसरं.

६ जून, शुक्रवार

गेलो. दवाखान्यात मीच फोन कानाला लावला.

तब्येत, पैसे झाले. मग, "त्या नामदेवला काढलं का?"

कानात सांगितलं. मला वाटलं काकू कॅलेंडरकडे बघतील. माझ्याकडे बघितलं. सरळ.

"सांग, काढला."

"काढला!" मी ओरडलो.

"मग मशीन कोण बघतंय आता?"

कानात, कोण बघतंय विचारतोय.

काकूंनी पदर सारखा केला. "सांग, दुसरा ठेवलाय. चांगला आहे म्हणाव."

मी ओरडलो, "दुसरा ठेवलाय! चांगला आहे!"

कंपाउंडरने तोंडावर हात धरला. खांदे हलत होते त्याचे.

"नाव काय त्याचं?"

आता आली का पंचाईत. कानात सांगितलं, नाव विचारतोय. काकूंनी क्षणभर विचार केला.

"नामदेवच सांग. नामदेव काय एकच असतो गावात?"

"नामदेव!" मी ओरडलो. "हा पण नामदेव!"

तिकडनं काही नाही. खरखर नुसती. लाईन गेली की तो गप्प झाला, कळलं नाही. थोड्या वेळाने, "गणपतीत येतोय मी. आल्यावर बघतो," एवढं ऐकू आलं नि खरंच बंद.

ते पण सांगितलं कानात, गणपतीत येतोय, आल्यावर बघतो म्हणाला. काकू उठल्या. बाहेर पडताना कंपाउंडर म्हणाला, "वा रे पठ्ठ्या, स्वतःच्या जागी स्वतःच लागलास!"

वाटेत मी विचारलं, ओरडून, भर बाजारात. "काकू, गणपतीत तो आला की?"

"तेव्हाचं तेव्हा."

मग थोडं पुढे गेल्यावर, माझ्याकडे न बघता, "मला भीती वाटली रे त्याची. माझाच मुलगा, पण भीती वाटली."

 बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं, हळू बोललो असतो.

७ जून

भाऊला कार्ड टाकलं, पेरणीला येत नाही. कारण लिहिलं नाही. मला तरी कुठे नीट माहीत आहे. गणपतीपर्यंत आहे एवढं खरं, पुढचं दिलीप ठरवील की काकू, की मशीन आधीच.

मग आईच्या नावाने मनीऑर्डर केली. गावी जावं लागलं तर असू दे म्हणून एसटीचं भाडं रुमालात वेगळं बांधून ठेवलं होतं, तेही सोडून त्यातच घातलं. रु. ११५.